मुलाखत फसली? त्याच संध्याकाळी तिचा रिको मांडा

ऐरोलीच्या माइंडस्पेसमधून किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून मुलाखत देऊन बाहेर पडलं की बहुतेकजण घरी फोन करून 'ठीक झाली' एवढं सांगतात आणि निकालाची वाट बघत बसतात. नकाराचा मेल आठ-दहा दिवसांनी येतो, किंवा येतच नाही. तोवर काय विचारलं होतं आणि आपण काय बोललो, यातलं निम्मं डोक्यातून गेलेलं असतं. मग उरतं ते "माझं इंग्लिश कमी पडलं" किंवा "त्यांचा माणूस आधीच ठरला होता". दोन्ही खरं असू शकतं, पण हे अंदाज झाले. अंदाजावर पुढची तयारी कशी करणार?

बँकेच्या बॅक ऑफिसात हजारो लोक रोज सकाळी दोन याद्या शेजारी शेजारी ठेवून कुठे जुळत नाही ते शोधतात. त्याला रिकन्सिलिएशन म्हणतात, बोलण्यात नुसतं 'रिको'. न जुळणारी नोंद म्हणजे 'ब्रेक'. ब्रेक सापडला की तो कुठून आला, कोणाकडचा आहे आणि कधीपर्यंत सुटेल हे लिहावं लागतं. "काहीतरी गडबड आहे" असं लिहून टीम लीडरसमोर जाता येत नाही. फसलेल्या मुलाखतीचाही असाच रिको मांडायचा. बी.कॉम., बीएएफ, बीबीआय, एम.कॉम. किंवा एमबीए करून या पट्ट्यात अकाउंट्स, फंड अकाउंटिंग, केवायसी, सेटलमेंट किंवा कर्ज विभागात पहिली-दुसरी नोकरी शोधणाऱ्यांसाठी तो कसा मांडायचा, ते पुढे.

पायरी १: दोन तासांच्या आत सगळं बोलून टाका

गाडी पकडण्याआधी, स्टेशनच्या बाकावर बसून फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि दहा मिनिटं मराठीतच बोला. समोर कोण होतं (एचआर, टीम लीडर की मॅनेजर), प्रश्न कोणत्या क्रमाने आले, आपण नेमके कोणते शब्द वापरले आणि त्यांनी कुठे अडवलं, एवढंच सांगा. विश्लेषण आत्ता नको, कारण ते सुरू केलं की आठवण त्याच्या बाजूने झुकते.

यात सर्वांत मोलाची नोंद उपप्रश्नांची. एकाच विषयावर सलग तीन प्रश्न आले असतील, तर समोरच्याची शंका तिथेच होती. सांगताना वेळही नोंदवा. चाळीस मिनिटांची म्हणून ठरलेली मुलाखत बारा मिनिटांत आटोपली असेल, तर निर्णय पहिल्या दोन-तीन उत्तरांवर झाला असण्याची शक्यता मोठी. मग पंधराव्या मिनिटाची चूक शोधत बसण्यात अर्थ नाही.

रात्री जेवणं झाल्यावर हे रेकॉर्डिंग ऐकून एक्सेलमध्ये पाच रकाने भरा: विचारलेला प्रश्न, मी दिलेलं उत्तर, बरोबर उत्तर, ब्रेकचा प्रकार, सोडवण्याची तारीख. पंधरा ते वीस ओळी सहज होतात. पाचच ओळी होत असतील तर पुन्हा ऐका. 'बरोबर उत्तर' हा रकाना त्या रात्री रिकामा राहिला तरी चालेल. तो पुस्तक उघडून भरायचा, आठवून नव्हे.

पायरी २: ब्रेक कोणत्या प्रकारचा?

प्रकार चारच ठेवा. माहिती नव्हती. माहिती होती, पण मांडता आली नाही. सीव्हीत लिहिलं होतं, पण निभावलं नाही. आणि आपल्या हातात नव्हतं.

चौथ्या प्रकाराकडे मन सगळ्यात आधी धावतं, म्हणून त्याच्यासाठी पुरावा मागा. त्यांना तीस दिवसांत माणूस हवा होता आणि तुमचा नोटिस पिरियड नव्वद दिवसांचा होता. जागा रात्रपाळीची होती आणि तुम्ही नाही म्हणालात. जागाच गोठवली असं एचआरने स्पष्ट सांगितलं. हे पुरावे. "त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं" हा पुरावा नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात स्वस्तात सुटतो आणि तरी त्यावर सगळ्यात जास्त मुलं पडतात. सीव्हीत 'ॲडव्हान्स्ड एक्सेल' लिहिलेलं असतं आणि पिव्होट टेबलपाशी हात थांबतो. कॉलेजच्या प्रोजेक्टचं नाव 'म्युच्युअल फंडांचा तुलनात्मक अभ्यास' असतं आणि एनएव्ही (फंडाच्या एका युनिटची किंमत) कशी काढतात ते सांगता येत नाही. सिक्युरिटीज १०० कोटींच्या, रोख २ कोटी, देणी ५० लाख आणि युनिट्स ५ कोटी असतील, तर १०१.५० कोटी भागिले ५ कोटी, म्हणजे २०.३० रुपये. हे दोन ओळींचं गणित आहे. फंड अकाउंटिंगच्या जागेसाठी जाऊन ते चुकलं की पुढचं कोणी ऐकत नाही. सीव्हीची प्रिंट घ्या आणि प्रत्येक ओळीवर स्वतःला तीन उपप्रश्न विचारा. ज्या ओळीवर दुसऱ्याच प्रश्नाला अडकलात, ती खोडा किंवा शिका.

पायरी ३: 'येत होतं पण सांगता आलं नाही' हे जवळून बघा

इथे जरा थांबू, कारण बरेच नकार याही खणातले असतात.

एक ठरलेला प्रश्न घ्या: घसारा १० रुपयांनी वाढला तर तिन्ही आर्थिक पत्रकांवर काय परिणाम होईल? कराचा दर २५ टक्के धरा. नफा-तोटा पत्रकात करपूर्व नफा १० ने घटला, कर २.५० ने घटला, निव्वळ नफा ७.५० ने घटला. रोख प्रवाह पत्रकात सुरुवातच उणे ७.५० पासून, घसाऱ्यात प्रत्यक्ष पैसा बाहेर जात नाही म्हणून १० परत मिळवले, रोख २.५० ने वाढली. ताळेबंदात रोख अधिक २.५०, स्थिर मालमत्ता उणे १०, म्हणजे मालमत्तेची बाजू उणे ७.५०. पलीकडे राखीव निधीही उणे ७.५०. जुळलं.

हे पाठ असलेली मुलं पुढच्या प्रश्नाला पडतात: "नफा कमी झाला, मग रोख वाढली कशी?" उत्तर एका वाक्याचं आहे. कर कमी भरावा लागला, तेवढीच रोख वाचली. पाठांतर करणारा इथे पुन्हा पहिल्यापासून आकडे म्हणायला लागतो, आणि समोरच्याला जे कळायचं ते कळतं. आणखी एक बारकावा. आपल्याकडे आयकरासाठीचा घसारा आयकर कायद्याच्या दरांनी वेगळा मोजतात, त्यामुळे नुसता पुस्तकी घसारा वाढल्याने यंदाचा कर कमी होत नाही. म्हणून उत्तराच्या सुरुवातीलाच "हिशोब आणि कर दोन्हीकडे हाच घसारा आहे असं धरतो" एवढं म्हणा. या एका वाक्याने बाकीच्या दहा उमेदवारांत आणि तुमच्यात फरक दिसतो.

अकाउंट्सच्या जागेला बँक जुळवणी पत्रक हमखास येतं आणि चूक ठरलेली असते: मिळवायचं की वजा करायचं. रोखवहीत ५०,००० शिल्लक. दिलेले पण बँकेत न वटलेले चेक ८,०००. भरलेला पण अजून जमा न झालेला चेक १२,०००. बँकेने कापलेलं शुल्क जीएसटीसह ५९०. पासबुकात किती? पाठ केलेला नियम घाईत उलटा होतो. त्याऐवजी प्रत्येक नोंदीला 'हे बँकेला माहीत आहे का?' हा प्रश्न विचारा. दिलेले ८,००० बँकेला माहीतच नाहीत, म्हणून तिथे ते अजून पडून आहेत: मिळवा. भरलेले १२,००० तिने अजून मोजले नाहीत: वजा. शुल्क तिने कापलं, आपण नोंदवलं नाही: वजा. उत्तर ४५,४१०. मुलाखतीत हा विचार मोठ्याने करा. बेरजेत चूक झाली तरी पद्धत दिसते आणि अर्धे गुण पदरात पडतात.

कर्ज विभागासाठी, विशेषतः एनबीएफसीकडे (बँक नसलेल्या वित्त कंपनीकडे) गेला असाल, तर फ्लॅट आणि घटत्या शिलकीचा व्याजदर बघून ठेवा. एक लाखाच्या एका वर्षाच्या कर्जावर फ्लॅट १२ टक्के म्हणजे १२,००० व्याज आणि दरमहा ९,३३३ चा हप्ता. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावर लागतं, म्हणून खरा दर सुमारे २१.५ टक्के पडतो. एक्सेलच्या रेट फंक्शनने स्वतः काढून बघा. सोबत थकबाकीच्या पायऱ्या: ३० दिवसांपर्यंत एसएमए-० (स्पेशल मेन्शन अकाउंट, म्हणजे लक्ष ठेवायचं खातं), ३१ ते ६० एसएमए-१, ६१ ते ९० एसएमए-२ आणि ९० दिवस उलटले की एनपीए (अनुत्पादक कर्ज).

सेटलमेंटवाल्यांनी तारखा पक्क्या कराव्यात. भारतीय शेअर बाजार २७ जानेवारी २०२३ पासून पूर्णपणे टी+१ वर (सौद्यानंतर एका कामकाजाच्या दिवसात शेअर-पैशांची देवघेव) आला, अमेरिका २८ मे २०२४ पासून. जुन्या नोट्समधून टी+२ सांगणारे अजून भेटतात. केवायसीच्या जागेसाठी मनी लाँडरिंगच्या तीन पायऱ्या, प्लेसमेंट (काळा पैसा व्यवस्थेत घालणं), लेअरिंग (व्यवहारांचे थर देऊन त्याचं मूळ लपवणं), इंटिग्रेशन (तो वैध पैसा म्हणून वापरात आणणं), उदाहरणासकट याव्यात. शिवाय आपल्याकडे कंपनीचा लाभार्थी मालक, म्हणजे मागचा खरा मालक, ओळखण्याची हिस्सेदारीची मर्यादा २०२३ मध्ये २५ वरून १० टक्क्यांवर आली, हेही ठाऊक असावं.

एक किरकोळ वाटणारी पण महागात पडणारी गोष्ट: एकक. १ मिलियन म्हणजे १० लाख, १ बिलियन म्हणजे १०० कोटी, २५ बेसिस पॉइंट म्हणजे पाव टक्का. लंडन-न्यूयॉर्कच्या ग्राहकांचं काम करणाऱ्या ऑफिसात '५ मिलियन म्हणजे ५ कोटी' निघून गेलं, तर ती घबराट आहे असं समजून कोणी सोडून देत नाही.

पायरी ४: एक्सेलच्या चाचणीत पडलात तर

चाचणी बहुधा अशी असते: दोन याद्या, प्रत्येकी काही शे ओळी, अर्धा तास, न जुळणाऱ्या नोंदी काढा. मुलं व्हीलुकअप (एका यादीतली नोंद दुसरीत शोधणारं सूत्र) लावतात, सगळीकडे एन/ए, म्हणजे 'सापडलं नाही', येतं आणि हात-पाय गळतात. कारणं साधारण हीच:

– एका यादीतले क्रमांक आकडे आहेत, दुसरीतले मजकूर. खणाच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो. व्हॅल्यू फंक्शन वापरा किंवा १ ने गुणा.
– नावाच्या शेवटी डोळ्यांना न दिसणारी मोकळी जागा. ट्रिम वापरा.
– नेमकी जुळणी हवी की अंदाजे, हे सांगणारा सूत्राचा चौथा भाग लिहिलाच नाही. तिथे फॉल्स किंवा ० द्या, नाहीतर अंदाजे जुळणी होऊन चुकीचा आकडा अगदी बरोबर असल्यासारखा दिसतो. एन/ए परवडला, हा नको.
– रेंजला डॉलरचं कुलूप लावलं नाही, त्यामुळे सूत्र खाली ओढताना यादी सरकली. एफ-४ दाबा.
– एकच क्रमांक दोनदा आहे. व्हीलुकअप पहिलाच उचलतो, म्हणून आधी काउंटिफ्सने दुहेरी नोंदी बघा आणि रकमा समिफ्सने जुळवा.

सराव म्हणून घरी २०० ओळींची यादी बनवा, तिची प्रत काढा आणि भावाला किंवा मैत्रिणीला प्रतीत दहा ठिकाणी गुपचूप बिघाड करायला सांगा. मग घड्याळ लावून ते दहाही शोधा. पहिल्यांदा पाऊण तास लागतो. वीस मिनिटांत दहाही सापडेपर्यंत पुढच्या चाचणीला जाण्याची घाई नको. आणि शेवटी दोन्ही याद्यांची एकूण बेरीज जुळवून बघा; हे न करता फाइल देणारे फार असतात.

पायरी ५: अभिप्राय मागा, पण असा

"माझं काय चुकलं?" या प्रश्नाला कोणताही एचआर उत्तर देत नाही. वादात पडायची त्यांना इच्छा नसते आणि उत्तर लांबलचक होतं. नकार कळल्यावर एक-दोन दिवसांत पाच ओळींचा मेल करा. तो इंग्रजीतच जाईल, मथितार्थ असा ठेवा: वेळ दिल्याबद्दल आभार, निर्णय मान्य आहे, पुढच्या तयारीसाठी एकच जाणून घ्यायचं आहे, तांत्रिक फेरीत मी रिकन्सिलिएशनच्या बाजूने कमी पडलो की उत्तरं मांडण्यात?; सहा महिन्यांनी याच भूमिकेसाठी पुन्हा अर्ज करता येईल का? दोन पर्याय दिले की एका शब्दात उत्तर देता येतं, म्हणून ते येण्याची शक्यता वाढते. आठ दिवसांनी एकदाच आठवण करा, नंतर विषय सोडा.

प्लेसमेंट कन्सल्टंटमार्फत गेला असाल तर त्याला फोन करा. त्याला पुढचा उमेदवार पाठवायचा असतो, त्यामुळे कंपनीने नेमकं काय नापसंत केलं हे त्याने विचारलेलं असतं, आणि तो मेलपेक्षा फोनवर मोकळेपणाने बोलतो. मुलाखत घेणाऱ्या मॅनेजरला लिंक्डइनवर गाठून जाब विचारू नका.

इंग्रजीचं काय?

अडचण बहुधा व्याकरणाची नसते. मुलं मनात मराठी वाक्य जुळवतात, त्याचं इंग्रजी करतात आणि मुख्य मुद्दा शेवटी येतो. तोवर समोरच्याने पुढचा प्रश्न विचारलेला असतो. उपाय कंटाळवाणा आहे: शीटमधले दहा प्रश्न घ्या, प्रत्येकाचं नव्वद सेकंदांचं उत्तर फोनवर रेकॉर्ड करा, आणि पहिल्याच वाक्यात निष्कर्ष आहे का तेवढंच तपासा. नसेल तर पुन्हा. हेच उत्तर मराठीत, या विषयातलं काही ठाऊक नसलेल्या मावशीला किंवा धाकट्या भावाला सांगा. त्यांनी दोनदा "म्हणजे?" विचारलं, तर गाठ भाषेची नाही, विषयाचीच आहे.

उत्तर येत नसेल तेव्हा काय म्हणायचं, तेही आधी ठरवून ठेवा: हे मला माहीत नाही, पण याच्या जवळचं एवढं माहीत आहे आणि मी ते अमुक ठिकाणी तपासेन. केवायसी आणि ऑडिटच्या जागांसाठी थाप मारणं हे अज्ञानापेक्षा वाईट धरलं जातं, आणि ते रास्तच आहे. न तपासता 'ठीक आहे' म्हणणारा माणूस त्यांना नकोच असतो.

ज्ञानाशी संबंध नसलेले ब्रेक

माइंडस्पेस नावाची ऑफिस-वसाहत ऐरोली पूर्वेलाही आहे, पश्चिमेलाही, आणि मालाडलाही. निरोपात पूर्व-पश्चिम, इमारत क्रमांक आणि गेट लिहिलेलं नसेल तर आदल्या दिवशी फोन करून विचारा. गेटवर ओळखपत्र, फोटो, लॅपटॉपची नोंद यात वीस मिनिटं सहज जातात, म्हणून 'दहाला पोहोचा' म्हणजे गेटवर साडेनऊला. कल्याण-डोंबिवलीकडून येणाऱ्यांनी ऐरोलीच्या गाडीसाठी ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या फलाटापर्यंत सकाळच्या गर्दीत पूल ओलांडायचा वेळ वेगळा धरावा. घोडबंदर रोडवरून रिक्षाने येणार असाल, तर नकाशा दाखवतो त्या वेळेवर विसंबू नका. उशीर झाला असेल तर तीही ओळ शीटमध्ये घाला. धापा टाकत दिलेली पहिली तीन उत्तरं कशी गेली ते शेजारी दिसेल.

मुलाखत चांगली होऊन नंतर नकार आला असेल, तर पडताळणीकडे बघा. दोन महिन्यांची सोडलेली नोकरी सीव्हीत लपवली असेल, तरी यूएएनवरच्या (पीएफ खात्याच्या क्रमांकावरच्या) सर्व्हिस हिस्टरीत ती दिसू शकते. बँका आणि एनबीएफसी अनेकदा उमेदवाराचा क्रेडिट रिपोर्टही पाहतात; थकलेलं क्रेडिट कार्ड किंवा मित्रासाठी राहिलेला जामीन इथे नडतो. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. आधी स्वतः बघा, चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज करा.

आणि नकारानंतरच्या आठवड्यात "तुमचं सिलेक्शन झालंय, ट्रेनिंगचे किंवा लॅपटॉपच्या डिपॉझिटचे पैसे भरा" असा फोन आला, तर एक रुपयाही देऊ नका. नोकरी-संकेतस्थळांवरचा तुमचा सीव्ही पाहूनच असे फोन येतात. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर-फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

पायरी ६: पुढची मुलाखत कधी?

शीटमधले 'माहिती नव्हती' प्रकारचे ब्रेक दोन आठवड्यांत सुटतात, रोज दोन घेतले तरी. मांडणीचे ब्रेक सुटायला तीन सराव-मुलाखती लागतात. त्यातली एक तरी अनोळखी माणसासोबत द्या, कॉलेजच्या माजी विद्यार्थ्याला विनंती केली तर अर्धा तास बहुधा मिळतो. एखादा ब्रेक दोन वेगवेगळ्या मुलाखतींत आला असेल तर तो सगळ्यात वर घ्या, बाकीचं नंतर. तोवर अर्ज थांबवू नका, पण मनापासून हव्या असलेल्या कंपनीला शेवटी जा.

कोर्स लावायचा का, हा प्रश्न इथे येतो. एनआयएसएमची (सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची) परीक्षा जागेच्या कामाशी जुळणारी असेल तर द्या; ऑपरेशन्ससाठी मालिका सात, म्युच्युअल फंड वितरणासाठी पाच-ए. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, हे ध्यानात ठेवून वेळ निवडा. पण शीटमध्ये बारा ब्रेक मांडणीचे असतील, तर नवा कोर्स म्हणजे पळवाट.

त्याच कंपनीत पुन्हा जायचं असेल तर अनेक ठिकाणी तीन ते सहा महिने थांबावं लागतं. तुमचा जुना अर्ज त्यांच्या सिस्टीममध्ये असतो. नव्या सीव्हीतल्या तारखा, गुण आणि आधीचा पगार त्याच्याशी ताडून बघा. "मागच्या वेळी इथे आला होतात ना?" हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर शीटमधल्या एका ओळीतून द्या: मागच्या वेळी बँक जुळवणीत अडकलो होतो, तेव्हापासून अमुक इतक्या याद्या जुळवल्या, विचारून बघा.